चार हातांची वाकळ



घरातील वस्तूंची मोजदाद करावयास कोणी बसले, तर तांब्या-पितळेची भांडी, कपाट, पलंग, घड्याळ या सर्वांची नोंद होते. पेटीवर घडी घालून ठेवलेली वाकळ मात्र त्या यादीत सहसा येत नाही. जुन्या लुगड्याधोतरांची ती बनलेली. तिला विकत कोण घेणार? तरीही पौषातील थंडीच्या रात्री घरातील लहानथोरांचा हात प्रथम तिच्याकडेच जातो. या वाकळेविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. त्यांतही, आपल्या घरासाठी शिवलेल्या वाकळेपेक्षा, चार शेजारणींनी एकत्र बसून परक्यासाठी शिवलेल्या वाकळेचा विचार प्रामुख्याने करावयाचा आहे.

बीदर जिल्ह्यात हुमनाबादजवळ हळ्ळीखेड (बी) हे गाव आहे. या भागात एका घरात कानडी, शेजारी मराठी आणि पलीकडच्या गल्लीत दखनी उर्दू ऐकू येते. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले व बीदर, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात राहिला. कागदावर सीमा पडली, पण अंथरूण-पांघरूण पूर्वीचेच राहिले. मराठी बाई जिला वाकळ किंवा गोधडी म्हणते, तिलाच तिची कानडी शेजारीण कौदी म्हणते. दोघींच्याही वाकळेत इलकलच्या लुगड्याचे काठ आढळतात. तान्ह्या बाळाचे दुपटे तर कोणत्याही धर्माच्या घरात जुन्या मऊ सुती कपड्याचेच करावयाचे, हा रिवाज सर्वत्र सारखा आहे.

वाकळ उबदार का असते, हे समजून घेण्यासारखे आहे. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. दोन थरांच्या मध्ये जी हवा अडकून राहते, ती अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. थर जितके अधिक, तितकी ही अडकलेली हवा अधिक. परंतु नुसते थर एकावर एक ठेवले, तर ते सरकतात, गोळा होतात आणि मध्येच पोकळ जागा राहते. ते जागच्या जागी धरून ठेवावयाचे काम टाके करतात. म्हणून वाकळेतील टाका हा शोभेसाठी नसतो. तो गेला, की वाकळेची पुन्हा चिंध्यांची मोट होते.

आता थोडा हिशेब करू. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांबीचे असते. त्याचे सारखे चार तुकडे केले आणि दोन-दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले, तर सुमारे २ मीटर लांब व तितक्याच रुंदीचे दोन थर मिळतात. अशी दोन जुनी लुगडी असली, की चार थरांची, दोघांना पुरेल अशी वाकळ होते. कापडाचा खर्च जवळजवळ काहीच नाही. परंतु धावदोऱ्याच्या ओळी दोन-दोन सेंटिमीटरांवर घातल्या, तर अशा शंभर ओळी होतात. प्रत्येक ओळ २ मीटरांची, म्हणजे एकंदर २०० मीटर शिवण. टाका एक सेंटिमीटराचा धरला, तर एका वाकळेत २०,००० टाके होतात! चिंधी फुकट मिळते, पण टाका फुकट मिळत नाही. तो कोणाच्या तरी डोळ्यांनी, पाठीने आणि दुपारच्या विश्रांतीने फेडलेला असतो. घरातील वस्तूंच्या यादीत वाकळ येत नाही, त्याचे कारणही हेच. बायकांच्या श्रमाचा हिशेब आपण कधी मांडलेलाच नाही.

हे २०,००० टाके एकटीने घालावयाचे म्हटले, तर आठवडेच्या आठवडे जातात. चौघी बसल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला ५,००० येतात. म्हणूनच हे काम पूर्वीपासून एकत्र बसून करावयाचे आहे. जमिनीवर थर पसरून, सुरकुत्या काढून, चारी कोपरे ताणून धरावयास एकीचे दोन हात पुरत नाहीत. शिवणे कडेपासून आरंभावे आणि आत सरकत यावे, म्हणजे चौघींना चार बाजूंनी बसता येते. धुण्याचेही तसेच आहे. घटस्थापनेपूर्वी घरोघरच्या वाकळा नदीवर किंवा विहिरीवर जातात. भिजलेली वाकळ एकीला उचलवत नाही, दोघींनी दोन टोके धरून पिळावी लागते. या कामात बोलणे आपोआप होते. सासर-माहेर, पोराचे आजारपण, पावसाचा ताण यांतील कितीतरी दुःखे सुई चालत असताना हलकी झाली आहेत. बोलणारीने मान वर करावयाची नसते आणि ऐकणारीनेही टक लावून पाहावयाचे नसते. त्यामुळे जे एरवी ओठावर येत नाही, ते येथे येते.

इतके एकत्र श्रम जर जमतात, तर त्यांतून एखादी वाकळ गरजूसाठी का शिवली जाऊ नये? बीदरचे पठार उंचावरचे आहे. हिवाळ्यात तेथील पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. त्या थंडीत उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत मुले झोपतात. दवाखान्यात बाळंतीण एका पातळात बाळाला गुंडाळून घेते. एकट्या राहिलेल्या वृद्धाला पांघरूण धुऊन देणारेही कोणी नसते. गरजू शोधावयास लांब जावे लागत नाही.

परंतु दान ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. संकटाच्या वेळी तर तिची कसोटी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडची गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली. त्या रात्रीचे हादरे बीदर-गुलबर्ग्याकडेही जाणवले होते. अशा वेळी लोकांचे अंतःकरण द्रवते व हाताला लागेल ते कापड गाठोड्यात बांधून पाठविले जाते. २००४ च्या डिसेंबरात समुद्राच्या महालाटेने तामिळनाडूचा किनारा झोडपला, तेव्हा देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तेथे रस्त्याच्या कडेला पडून राहिले. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण फाटके, मळके किंवा तेथील लोकांच्या वापरात न बसणारे कपडे घेणार कोण? ज्याचे घर गेले, त्याचा मान मात्र शाबूत असतो. आपल्या घरातील अडगळ दूर करणे आणि दुसऱ्याची गरज भागविणे, या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसल्या तरी एक नव्हेत.

हा भेद हळ्ळीखेडच्या परिसराला नवा नाही. जवळच बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तेथे बसवेश्वर आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी कायक आणि दासोह हे दोन शब्द लोकांना दिले. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम, आणि दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ अहंकार न ठेवता समाजाला अर्पण करणे. त्या काळच्या आयदक्की लक्कम्मा आणि तिचा पती मारय्या यांची कथा सांगतात. सांडलेले तांदूळ वेचणे, हे मारय्याचे कायक. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्माने ते घरात ठेवून घेतले नाहीत. गरजेपुरते घ्यावे, अधिकाची हाव धरू नये, असे सांगून तिने ते परत करावयास लावले. सांडलेला दाणा आणि टाकलेली चिंधी यांत फारसे अंतर नाही. दोन्हींना मोल येते ते वेचणाऱ्याच्या श्रमाने आणि त्याच्या मनाच्या स्वच्छतेने.

महाराष्ट्रानेही असा एक माणूस पाहिला आहे. गाडगेबाबा अंगावर ठिगळांचे कपडे घालीत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. १९५६ साली त्यांचे निधन झाले. लोकांकडून मिळालेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःच्या अंगावर मात्र अखेरपर्यंत ठिगळेच ठेवली. जुने आपल्याला आणि नवे दुसऱ्याला, असा त्यांचा व्यवहार होता. आपला व्यवहार पुष्कळदा नेमका याच्या उलट असतो.

घेणाऱ्याचा मान राखून कापड कसे द्यावे, याचा एक मार्ग आपल्याच देशात काढला गेला आहे. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था सुरू केली. या संस्थेकडे जमणारे कपडे निवडले जातात, नीट केले जातात. आणि जे अंगावर घालण्याजोगे नसतात, त्यांच्यापासून वाकळी व इतर वस्तू होतात. खेड्यातील लोक विहीर खणणे, रस्ता दुरुस्त करणे यांसारखे स्वतःच्या गावाचे एखादे काम श्रमदानाने करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कापड घेतात. भिक्षा आणि मोबदला यांत जो फरक आहे, तो मनाचा आहे. २०१५ साली गुप्ता यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शिवणाऱ्या हातांनाही मान मिळावयास हवा, हे कर्नाटकातीलच दुसऱ्या एका उदाहरणावरून दिसते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या स्त्रिया रंगीत ठिगळांच्या ज्या वाकळी शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. वाकळ पुरी होत आली, की चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेली त्रिकोणी ठिगळे बसवितात. त्यांना त्या फुले म्हणतात. फुले नसतील तर कवंदी उघडी राहिली, अशी त्यांची समजूत आहे. घरच्या पोराबाळांसाठी होणारे हे काम २००४ च्या सुमारास, अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री ड्र्यूएल यांच्या साहाय्याने, सहकारी मंडळाच्या रूपाने बाहेरच्या जगापुढे आले. जे हात कोणाच्या हिशेबात नव्हते, त्यांच्या कामाला दाम आणि नाव मिळाले.

याहून कठीण परिस्थितीतील एक प्रसंग सांगतो. १९४२ साली सिंगापूर जपानच्या हाती पडले. तेथील युरोपीय स्त्रिया व मुले चांगीच्या तुरुंगात ठेवण्यात आली. पुरुषांना त्यांच्यापासून वेगळे केले गेले. एकमेकांची खबर कळावयास मार्ग नव्हता. तेव्हा एथेल मलव्हेनी या कॅनडातील स्त्रीच्या पुढाकाराने कैदी स्त्रियांनी वाकळी करावयाचे ठरविले. प्रत्येकीने कापडाचा एक चौकोन घ्यावा आणि त्यावर आपले नाव व मनातील काही खूण भरतकामाने काढावी. असे ६६-६६ चौकोन जोडून तीन वाकळी झाल्या. एक ब्रिटिश जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन जखमींसाठी, आणि तिसरी जपानी जखमींसाठी! शत्रूच्या जखमीलाही पांघरूण देण्याची ही बुद्धी तुरुंगातल्या स्त्रियांना झाली. त्या वाकळी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा त्यांवरील नावे वाचून आपल्या बायका जिवंत असल्याचे पुरुषांना कळले. जखमींना पांघरूण मिळाले आणि त्याच कापडातून निरोपही पोहोचला. त्यांपैकी दोन वाकळी आज कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात जतन केल्या आहेत.

ही उदाहरणे मोठी आहेत. हळ्ळीखेडसारख्या गावातील भजनी मंडळाने किंवा बचत गटाने एवढे करावे, असे कोणी म्हणत नाही. आठवड्यातून एक दुपार आणि पाच-सहा बाया, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. मात्र काही पथ्ये सांभाळावी लागतात. कापड सुती घ्यावे. ते उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात कडकडीत वाळवावे. ओढून पाहावे आणि जे विरते ते बाजूला काढावे. निदान वरचा आणि खालचा थर तरी धड कापडाचा असावा, ठिगळे हवी तर मधल्या थरांत घालावी. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला बटण, टिकली, जरीचा काठ यांपैकी काही लावू नये. गरज आधी विचारावी आणि मग शिवावयास बसावे. ज्याला हलके पांघरूण हवे, त्याला जड वाकळ देऊन उपयोग नाही. देताना पुढाऱ्याला बोलावून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जिला वाकळ द्यावयाची तिला शक्य असेल तेव्हा त्या बैठकीत बोलवावे. तिच्या हातालाही सुई येत असेल. तिने पुढच्या वाकळेला चार ओळी घातल्या, म्हणजे कोण देणारी आणि कोण घेणारी, हा प्रश्नच उरणार नाही.

यंत्राने विणलेली स्वस्त घोंगडी आज बाजारात हवी तितकी मिळतात. पैसे असतील त्याने ती अवश्य वाटावी; थंडीने कुडकुडणाऱ्याला ती कशी विणली, याच्याशी कर्तव्य नसते. परंतु विकतच्या पांघरुणाने एकाचीच थंडी जाते. एकत्र शिवलेल्या वाकळेने शिवणाऱ्यांचेही एकटेपण जाते. कानडी काठ, मराठी लुगडे आणि दखनी बोलणाऱ्या शेजारणीची ओढणी एकाच दोऱ्यात येतात. चिंध्या वेगवेगळ्या असताना कोणालाच ऊब देऊ शकत नव्हत्या. माणसांचेही याहून निराळे नसते.

घटस्थापनेपूर्वी यंदा वाकळी धुवावयास निघतील, तेव्हा घरोघरी एखादे मऊ झालेले, पण अजून धड असलेले लुगडे वेगळे काढून ठेवता येईल. टाके घालावयास चार हात तर आपल्याच ओसरीवर मिळतील.