प्रवास, खेळ आणि मासिक पाळी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं घरांत कोणी तरी रेडिओचा आवाज हळूच कमी केला असेल. तसें झालें असेल तर कृपा करून तो पुन्हां वाढवावा. मी जें सांगणार आहें त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं, आणि ज्यांना तें सांगावयाचें त्यांत घरांतील पुरुषमंडळीहि आहेत.

मी विरारच्या पूर्वेस फुलपाड्याला राहतें. जीवदानीचा डोंगर आणि पापडखिंडीचें धरण हीं दोन्ही आमच्या जवळचीं. सकाळीं पुरतें उजाडण्यापूर्वींच कामावर जाणाऱ्या बायका आणि कॉलेजच्या मुली रिक्षांतून स्टेशनाकडे निघालेल्या दिसतात. विरारहून चर्चगेट सुमारें ६० किलोमीटर दूर आहे. १९९२ सालीं पश्चिम रेल्वेनें चर्चगेट आणि बोरिवली यांच्या दरम्यान खास स्त्रियांसाठीं लोकल सुरू केली आणि पुढच्याच वर्षीं ती विरारपर्यंत आली. तिनें बायकांना थोडी निर्धास्त जागा दिली, हें उपकारच म्हटले पाहिजेत. परंतु लोकलच्या डब्यांत शौचकूप नसतो. तो ह्या गाडींतहि नाहीं. रिक्षा, गाडी आणि मुंबईंतील बस हें सारें धरलें, तर घर सोडल्यापासून कचेरींत पोहोंचेपर्यंत दोन-अडीच तास सहज जातात. महिन्यांतील चार-पांच दिवस ह्या अडीच तासांचा हिशेब प्रत्येक बाईला मनांतल्या मनांत करावा लागतो, आणि तो ती कोणाला बोलून दाखवीत नाहीं.

मी स्वतः शाळेंत असतांना आमच्या वर्गाची सहल वसईच्या किल्ल्याला निघाली होती. आदल्या रात्रीं माझी पाळी आली. आईनें सकाळीं निरोप पाठविला कीं, "मुलीचें पोट दुखतें आहे, ती येणार नाहीं." माझें पोट मुळींच दुखत नव्हतें. किल्ल्यांत दिवसभर आडोसा कोठें मिळेल, बरोबरच्या बाईंना हें कसें सांगावें, एवढ्याच दोन प्रश्नांनीं माझी सहल बुडाली. आईला मी दोष देत नाहीं. तिच्यापाशीं दुसरें उत्तर नव्हतें. पुढें पुष्कळ वर्षांनीं माझ्या लक्षांत आलें कीं, त्या दिवशीं माझी वाट शरीरानें अडविली नव्हती. ती अडविली होती न बोलण्यानें आणि जागा नसण्यानें. आजच्या भाषणांत मला सांगावयाचें तें हेंच, आणि ह्या दोन्ही अडचणी दूर करतां येण्यासारख्या आहेत.

प्रथम शरीराचें पाहूं. एका पाळींत जाणारें रक्त बहुतेकींच्या बाबतींत ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचेच असतें. दिसावयास तें पुष्कळ दिसतें, एवढेंच. ८० मिलिलिटरहून अधिक गेलें तर वैद्यकशास्त्र त्यास अतिस्राव म्हणतें. दोन पाळ्यांतील अंतर प्रौढ स्त्रीमध्यें २१ पासून ३५ दिवसांपर्यंत कितीहि असूं शकतें. नुकत्याच वयांत आलेल्या मुलींचें तर तें पहिलीं दोन-तीन वर्षें अनियमितच असतें. शिवाय जागरण, दगदग आणि परीक्षेची काळजी यांनींहि पाळी मागेंपुढें होते. म्हणून प्रवासास निघतांना केवळ पंचांग पाहून "अजून आठ दिवस आहेत" असें म्हणत स्वस्थ बसूं नये. तयारी जवळ असावी. ती लागली नाहीं तर उत्तमच.

ही तयारी एका लहान कापडी पिशवींत मावते. तींत चार-पांच पॅड, एक जादा चड्डी, जुन्या वर्तमानपत्राचे कागद, घट्ट बंद होणारी एक पिशवी, साबणाची वडी आणि पाण्याची लहान बाटली असावी. पॅड दर चार ते सहा तासांनीं बदलावें, मग स्राव थोडा असला तरीहि. कारण ओलसरपणानें आणि घर्षणानें मांड्यांची त्वचा सोलवटते आणि चालणेंहि कठीण होतें. लोकलनें जाणाऱ्या भगिनींनीं घर सोडण्याच्या अगदीं शेवटच्या क्षणीं पॅड बदलावें आणि कचेरींत पोहोंचल्याबरोबर दुसरें घ्यावें. म्हणजे मधला वेळ निश्चिंत जातो. घरचें सुती कापड वापरणें वाईट नाहीं, मात्र तें साबणानें धुऊन उन्हांत कडकडीत वाळलेलें पाहिजे. प्रवासांत हीच अडचण येते. दमट कापड पुन्हां वापरण्यापेक्षां त्या चार दिवसांपुरतें पॅड घेतलेलें बरें.

ज्यांना दिवसभर बाहेर राहावयाचें असतें त्यांच्यासाठीं आणखी दोन साधनें आहेत. एक टॅम्पॉन आणि दुसरें सिलिकोनचा पेला, ज्याला सर्वजणी कप म्हणतात. टॅम्पॉन आठ तासांहून अधिक काळ ठेवूं नये. तो विसरल्यास क्वचित् एक भयंकर विषबाधा होते. एकाएकीं मोठा ताप, ओकारी, अंगावर लाली आणि चक्कर हीं तिचीं लक्षणें. तीं दिसतांच टॅम्पॉन किंवा कप काढून तडक डॉक्टरांकडे जावें. कप बारा तासांपर्यंत चालतो, धुऊन पुन्हां वापरतां येतो आणि कचरा करीत नाहीं. परंतु तो बसविण्याची संवय एक-दोन पाळ्या घरींच करावी. पहिला प्रयोग आगगाडींत करूं नये. हात आधीं आणि नंतरहि साबणानें धुवावे, आणि पाळी संपल्यावर कप उकळून ठेवावा.

एक गोष्ट मात्र कळकळीनें सांगावीशी वाटते. लघवीला जाण्याची सोय नाहीं म्हणून कित्येक बायका प्रवासाच्या दिवशीं पाणीच पीत नाहींत. हा उपाय रोगाहून वाईट आहे. पाणी कमी पिण्यानें आणि लघवी तुंबवून धरण्यानें मूत्रमार्गाचा दाह होतो, डोकें दुखतें आणि थकवा दुणावतो.

आतां डोंगरदऱ्यांकडे वळूं. पावसाळा सुरू झाला कीं आमच्या बाजूची तरुण मंडळी तांदुळवाडीच्या किल्ल्यावर नाहीं तर आणखी दूर सह्याद्रींत भटकावयास जातात. गडावर शौचकूप नसतात, आणि तेथील वापरलेल्या पॅडचें काय करावें हा प्रश्न उरतो. तें झुडुपांत टाकूं नये, पुरूं नये आणि उघड्यावर जाळूंहि नये. त्यांत प्लॅस्टिक असल्यामुळें तें मातींत कुजत नाहीं. पुरलेलें पॅड कुत्रीं उकरून काढतात, आणि जाळल्यास धूर विषारी होतो. कागदांत गुंडाळून, बंद पिशवींत घालून तें खालीं परत आणावें. २०१६ सालच्या घनकचऱ्याच्या केंद्रीय नियमांनीं अशा वस्तु नीट गुंडाळूनच टाकण्याचें बंधन घातलें, त्यामागें कचरा हातानें निवडणाऱ्या माणसांची काळजी होती. लांबच्या आगगाडींतहि पॅड शौचकूपांत टाकूं नये. तो तुंबतो, आणि त्याचा त्रास मागून येणाऱ्या आपल्याच भगिनींना होतो. भटकंतीच्या गटांत एकीनें ओढणीचा आडोसा धरावा आणि दुसरीनें त्याआड जावें, इतकी साधी सोयहि मोकळेपणानें ठरविली तर पुरते.

खेळाविषयीं अजून पुष्कळ गैरसमज आहेत. पाळींत धांवल्यानें किंवा उडी मारल्यानें गर्भाशयास इजा होते, ही समजूत निराधार आहे. उलट हलक्या व्यायामानें कित्येकींची कळ कमी होते. पोहावयाचें असेल तर पॅड पाण्यांत निरुपयोगी ठरतें. तेथें टॅम्पॉन किंवा कपच पाहिजे. मात्र पाळीचा थकवा खोटा आहे असेंहि म्हणूं नये. रिओच्या ऑलिंपिक सामन्यांत २०१६ सालीं चीनची जलतरणपटु फू युआनहुई हिनें शर्यतीनंतर आदल्या दिवशीं पाळी आल्याचें सरळ सांगितलें, तेव्हां जगभर चर्चा झाली. पॅरिसला २०२४ च्या ऑगस्टमध्यें आपल्या मीराबाई चानू ह्यांनीं एकूण १९९ किलो वजन उचललें आणि कांस्यपदक अवघ्या एका किलोनें हुकलें. तो आपल्या पाळीचा तिसरा दिवस होता आणि अंगांत अशक्तपणा जाणवत होता, असें त्यांनीं नंतर सांगितलें. दोघींनींहि सामना सोडला नाहीं आणि दोघींनींहि तें लपविलें नाहीं. पांढऱ्या पोशाखाचा कडक नियम असलेल्या विंबल्डननेंहि २०२३ पासून स्त्रियांना आंत गडद रंगाची चड्डी घालण्याची मुभा दिली. डागाच्या भीतीनें लक्ष खेळावरून उडतें, ही गोष्ट तेथें मान्य झाली. मग आपल्या शाळांनीं मुलींना गडद रंगाचा पोशाख देण्यास काय हरकत आहे?

जी मुलगी फार सराव करते आणि खाते मात्र थोडें, तिची पाळी कधीं कधीं बंद पडते. ही सुटका समजूं नये. शरीर उपाशी आहे, ह्याची ती खूण असते, आणि पुढें हाडें ठिसूळ होतात. तीन महिने पाळी आली नाहीं तर डॉक्टरांस दाखवावें.

ह्यानंतर येतो गोळ्यांचा प्रश्न. घरांत कार्य, गणपतीचा सण किंवा यात्रा आली कीं पाळी लांबविण्याची गोळी घेण्याची रीत आतां घरोघर झाली आहे. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्यानें सोडवावा. मी औषधापुरतें बोलतें. बहुधा नोरेथिस्टेरोन नांवाचें हें औषध पाळीच्या अपेक्षित दिवसाच्या सुमारें तीन दिवस आधीं सुरू करतात, आणि तें थांबविल्यावर दोन-तीन दिवसांनीं पाळी येते. क्वचित् प्रसंगीं, डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतल्यास सामान्य प्रकृतीच्या स्त्रीला तें बाधत नाहीं. परंतु जिच्या रक्तांत पूर्वीं गुठळी झाली आहे, जिला यकृताचा विकार आहे, किंवा गर्भ राहिल्याची शंका आहे, तिनें तें घेतां कामा नये. शेजारणीनें सांगितलें, दुकानदारानें दिलें, म्हणून घेण्याची ही वस्तु नव्हे. त्या गोळीनें गर्भधारणा टळत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

दर तासाला पॅड भिजत असेल, स्राव आठ दिवसांवर जात असेल, दुखण्यानें अंथरूण धरावें लागत असेल किंवा जिना चढतांना धाप लागत असेल, तर "बायकांचें असेंच असतें" म्हणून सोसूं नये. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. डोंगर चढणाऱ्या मुलीच्या डब्यांत पालेभाजी, कडधान्य, गूळ-शेंगदाणे आणि लिंबाची फोड असणें हीहि पाळीचीच तयारी होय.

आतांपर्यंत मी ज्यांना पिशवी भरतां येते त्यांच्याविषयीं बोललें. ज्यांचा प्रवास हौसेचा नसून पोटासाठीं असतो त्यांचें काय? बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं ऊसतोडीसाठीं हजारों जोडपीं घर सोडतात, फडाजवळ पालांत राहतात. तेथें न्हाणी नाहीं, शौचकूप नाहीं, आणि एक दिवस काम बुडालें तर मुकादम पैसे कापतो. २०१९ सालीं सरकारनें श्रीमती नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीच्या पाहणींत ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. प्रत्येकीचें कारण एकच नसेल. तथापि पाळीच्या चार दिवसांचा जांच आणि बुडणारी मजुरी हीं त्या कारणांत होतींच. जेथें आडोसा, पाणी आणि चार शब्द मिळाले नाहींत, तेथें बाईनें अवयवच देऊन टाकला. ह्याहून महाग किंमत ती काय द्यावयाची?

म्हणून हा विषय नुसत्या बायकांच्या पिशवीचा नाहीं. मुंबईंत २०११ सालीं "राइट टु पी" ह्या नांवानें स्त्रियांसाठीं स्वच्छ आणि विनामूल्य मुताऱ्या मागणारी चळवळ उभी राहिली, ती ह्याच जाणिवेनें. सहल नेणाऱ्या शिक्षकांनीं बस कोठें थांबणार आणि तेथें काय सोय आहे, हें आधींच सर्व मुलींना सांगावें. म्हणजे कोणा एकीला विचारण्याची लाज वाटणार नाहीं. खेळ शिकविणाऱ्यांनीं आपल्या पेटींत पट्टी आणि आयोडीन असतें तसें पॅडहि ठेवावें. वडिलांनीं आणि भावांनीं दुकानांतून तें आणण्यांत कमीपणा मानूं नये.

आमच्या शेजारची आठवींतली एक मुलगी गेल्या पावसाळ्यांत शाळेच्या सहलीला निघाली. जिन्यांत तिच्या आजीनें तिला थांबवून मोठ्यानें विचारलें, "पिशवी घेतलीस का ग? कालपासून तुझे दिवस सुरू आहेत." मुलगी म्हणाली, "घेतली, आजी," आणि धांवत खालीं गेली. ती आजी पूर्वीं स्वतः चार दिवस बाहेर बसलेली. माझ्या लहानपणींच्या त्या बुडालेल्या सहलीचें मला तेव्हां फारसें दुःख राहिलें नाहीं.