विश्लेषण : सर्व्हर सुरू होत नाही, म्हणजे डेटा गेला का?

पनवेल परिसरात २०२० पासून योट्टाचे भलेमोठे डेटा सेंटर सुरू आहे. तिथे वीज गेली तर जनरेटर आहेत, चोवीस तास माणसे आहेत. त्याच परिसरातील कोनसारख्या ठिकाणी एखादी पॅथॉलॉजी लॅब किंवा कर सल्लागाराचे कार्यालय चालते ते टेबलाखालच्या छोट्या सर्व्हरवर. त्याच्या दिमतीला एक जुना यूपीएस आणि फोनवर मिळाला तर मिळणारा कॉम्प्युटरवाला. पावसाळ्यात रात्रभर वीज ये-जा करते आणि सकाळी पडदा काळा दिसतो. अशा वेळी पहिला सल्ला हमखास येतो : ‘फॉरमॅट मारून टाकू.’ नेमका तोच सल्ला महागात पडू शकतो.

यंत्र अडते कुठे?

बटण दाबल्यावर कामे एकामागोमाग होतात. आधी वीजपुरवठा, मग बायोस किंवा यूईएफआय हा यंत्रातील मूळ प्रोग्राम मेमरी आणि डिस्क तपासतो. मग तो डिस्कवरचा बूटलोडर शोधतो, बूटलोडर कर्नल उचलतो आणि शेवटी विंडोज किंवा लिनक्स उभे राहते. या साखळीतील कोणताही दुवा तुटला तरी वापरणाऱ्याला दिसते एकच : सर्व्हर बंद. ग्राहकांच्या नोंदी मात्र बहुतेक वेळा डिस्कवर जशाच्या तशा असतात.

म्हणून पहिले काम पडद्याचा फोटो काढण्याचे. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर वायर, यूपीएस, पॉवर सप्लाय पाहायचा. पंखा फिरतो पण पडदा काळाच, तर आधी थांबायचे. सर्व्हर मेमरी तपासण्यास घरच्या संगणकापेक्षा जास्त वेळ, कधी काही मिनिटे घेतो. अनेक जण याच वेळी घाईने बटण दाबून तो बंद करतात आणि मग तो ‘चालूच होत नाही’.

तीन रुपयांची नव्हे, पण स्वस्तच बॅटरी

घड्याळ एकदम काही वर्षे मागे गेले असेल तर संशय मदरबोर्डवरच्या नाण्यासारख्या सीआर २०३२ बॅटरीवर घ्यावा. ती संपली आणि वीजही गेली, की बायोसमधील सेटिंग मूळ स्थितीला जाऊ शकतात. रेड म्हणून जोडलेल्या डिस्क मग सुट्या दिसू लागतात किंवा यूईएफआयमध्ये बसवलेली सिस्टीम जुन्या लेगसी पद्धतीने शोधली जाते आणि ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो. डिस्क ठणठणीत, फक्त पत्ता चुकलेला. इथे रेडच्या मेनूत ‘इनिशियलाइज’ निवडणे म्हणजे स्वतःच्या हाताने नोंदी पुसणे. डिस्क बाहेर काढायच्याच असतील तर आधी प्रत्येकीवर खाचेचा क्रमांक लिहावा.

कारण कधी फारच किरकोळ असते. मागे राहिलेला पेनड्राइव्ह काढला की काम होते. लिनक्स ‘इमर्जन्सी मोड’मध्ये अडकला तर बॅकअपची बाहेरची डिस्क कोणी काढून नेली आहे का, हे विचारावे. एफएसटॅब या यादीत तिचे नाव असेल आणि पुढे ‘नोफेल’ लिहिलेले नसेल, तर सिस्टीम तिची वाट पाहते आणि मग पुढे जायला नकार देते.

१९ जुलै २०२४ ची सकाळ

त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर आणली. मुंबईसह देशातील विमानतळांवर चेक-इन विस्कळीत झाले, काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण जे यंत्र सुरूच होत नाही ते इंटरनेटवरून दुरुस्ती घेणार कसे? हजारो ठिकाणी माणसांना यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ती एक फाइल पुसावी लागली. बिटलॉकर लावलेल्या यंत्रांना त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हवी होती, आणि काही संस्थांत त्या कीची यादीच बंद पडलेल्या सर्व्हरवर होती! कोनमधल्या छोट्या कार्यालयाने ही की आजच कागदावर लिहून कपाटात ठेवायला हरकत नाही.

फॉरमॅटच्या आधी

दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून सर्व्हर सुरू करता येतो. डिस्कला हात न लावता फाइल दिसतात का, ते कळते. दिसल्या तर आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी, मग दुरुस्ती. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये. वीज काढून ती डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्यावी.