पंच कोण होतंय?

शवागार जिल्हा रुग्णालयाच्या अगदी मागे आहे. पाटी दिसत नाही, पण ‘पीएम कुठं होतं?’ म्हटलं की चहावाला बोट दाखवतो. मे महिना. साडेदहालाच पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नाही. कडुलिंबाच्या सावलीत तीन गावांची माणसं तीन घोळक्यांत थांबली आहेत. एकाचा माणूस विहिरीत सापडला. एकाचा रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. तिसऱ्यांची मुलगी विषारी औषध पोटात गेल्याने गेली. कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही, तरी सगळ्यांना सगळं ठाऊक आहे.

“पंच कोण होतंय? दोघं या पुढं.”

हवालदाराची हाक येते तसा घोळका मागे सरकतो. पंच झालं की पुढे कोर्टाच्या चकरा, ही धास्ती. अखेर एक किराणा दुकानदार आणि एक गुरुजी पुढे होतात. परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, असं कायदा सांगतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ आलं. हवालदाराच्या तोंडात अजून एकशे चौऱ्याहत्तरच बसलंय.

ओट्यावर स्ट्रेचर. आडोसा नाही. चादर कमरेपर्यंत उतरते. बांधा मध्यम. रंग सावळा. डोळे अर्धवट मिटलेले. गळ्यावर खूण नाही. उजव्या गुडघ्यावर जुना व्रण. एकेक पाहायचं, एकेक लिहायचं. हवालदार मोठ्याने बोलत लिहितो, म्हणून अख्खी शेड ऐकते. खांबाआडून एक मोबाइल वर येतो. “ए, ठेव तो खाली,” मयताचा भाऊ धावतो. तो खाली जातो, तर पलीकडून दुसरा वर आलेला असतो. “साहेब, निदान एक पडदा तरी लावा हो.” साहेब मान हलवतात आणि लिहीत राहतात.

दहा पावलांवर नेमकं उलटं चाललंय. मुलीच्या लग्नाला चार वर्षं झालीत. सात वर्षांच्या आत विवाहितेची आत्महत्या असेल, तर चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाते. म्हणून सगळे नायब तहसीलदारांची वाट पाहताहेत. सासरची माणसं काचा वर करून गाडीत बसलीत. माहेरची उन्हात उभी. “जे काय करायचं ते आमच्यासमोर करा,” मुलीचा मामा ओरडतो, “झाकून काही नको.”

बाकावर रजिस्टर उघडं पडलंय. पानाच्या डोक्यावर ‘अ. मृ. नोंद’, म्हणजे अकस्मात मृत्यूची; खाली ओळींमागून ओळी. २०२२ मध्ये देशात ४,३०,५०४ अपघाती मृत्यू आणि १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. आत्महत्यांत २२,७४६ महाराष्ट्रातल्या, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. नोंद कुठल्याही ठाण्यातली असो, सुरुवात अशाच एखाद्या ओट्यावर.

मुंबईत अशा मृत्यूंच्या चौकशीला १८७१ च्या कायद्याने नेमलेला कॉरोनर असे. त्याच्यापुढे साक्षी होत, ज्युरी बसे. १९९९ मध्ये ते पद गेलं. जिल्ह्याच्या गावांना ते कधी लाभलंच नव्हतं.

साडेबाराला डॉक्टर येतात. आतलं दार लागतं. बाहेर नुसता शीतपेटीचा घरघराट. फाटकाजवळच्या दुकानातून कुणी पांढरं कापड आणतं, कुणी अत्तराची बाटली. कुणीतरी पाण्याचे पाऊच वाटतं. सावली सरकते, तसे घोळके सरकतात.

दोन वाजता मुलीचं आटोपतं. व्हिसेरा मिठाच्या पाण्यात, बरणीवर लाखेचं सील. ती आता प्रयोगशाळेत जाणार. मामा पुढे होतो.

“कारण काय लिहिलंय, साहेब?”

“अभिप्राय राखीव. व्हिसेऱ्याचा रिपोर्ट आल्यावर.”

“तो आम्हाला कोण सांगणार?”

“ठाण्यात येऊन चौकशी करत जा.”

“आणि आजचा पंचनामा? त्यात काय आहे?”

“पंचांच्या सह्या झाल्यात की. नक्कल पाहिजे तर अर्ज द्या.”

सकाळपासून निदान शंभर जणांनी ओटा पाहिलाय. कागद वाचलेत ते पंचांनी. विहिरीवाल्याचं काय झालं असेल, हे चहाच्या टपरीवर ठरूनही गेलंय. पडदा मागणारा भाऊ आणि झाकू नका म्हणणारा मामा आता एकाच झाडाखाली टेकलेत. एकाच्या माणसाची उघड्यावर तपासणी झाली. दुसऱ्याला उत्तर बंद पाकिटातून मिळणार आहे, तेही कधी ते ठरलेलं नाही. दोघांच्या मागण्या एकमेकींच्या आड येत नव्हत्या. अंगावर पडदा हवा होता आणि कागद उघडा.

मामा चहावाल्याकडून कोरा कागद मागून आणतो.

“गुरुजी, तेवढा अर्ज लिहून द्या.”

गुरुजी मांडीवर पिशवी घेऊन कागद सरळ करतात. वर तारीख, मग ठाण्याचं नाव. खाली विषय: ‘मृत्यूचे कारण लेखी कळविण्याबाबत.’

“प्रत तहसीलदारांना पण टाका,” मामा म्हणतो. “आणि पोच घ्यायची कुठं, ते आधी सांगा.”