एका इंजेक्शनचे एवढे पैसे?



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांच्या मासिक बैठकांना आम्ही जातो. कर्जाच्या मागण्यांमध्ये शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं असतंच. त्यांच्या बरोबरीनं आणखी एक कारण हमखास असतं, ते म्हणजे ऑपरेशन. कुणाच्या सुनेचं सिझर, कुणाची पिशवी, कुणाच्या सासऱ्यांचा हर्निया. मागे एका बैठकीत कर्ज मंजूर करताना दवाखान्याचं बिल सगळ्यांपुढं वाचलं. त्यात भूलतज्ज्ञांची फी वेगळी लिहिली होती. लगेच एक काकू म्हणाल्या, "आगं, एक सुई टोचून निघून जातोय बाबा, आन् त्याचे एवढे पैसे?"

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. मग आम्ही विचारलं, की तुमच्यापैकी कितीजणींचं ऑपरेशन झालंय? बऱ्याच जणींनी हात वर केले. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव प्रत्येकीला पाठ होतं, गावाकडून त्यांना पेढे गेले होते, एकीनं तर नातवाचं नाव त्यांच्यावरून ठेवलं होतं. भूल कुणी दिली, हे मात्र एकीलाही सांगता येईना. "हिरव्या कपड्यातला होता कुणीतरी", "बाई होती, सिस्टर असंल", एवढंच.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. परदेशातही रुग्णांना असं विचारून पाहिलंय. भूल देणारी व्यक्ती डॉक्टर असते, हे तिथंही कितीतरी जणांना ठाऊक नव्हतं. खरं तर भूलतज्ज्ञ आधी इतरांसारखेच एमबीबीएस होतात आणि मग भूलशास्त्राचं दोन-तीन वर्षांचं वेगळं शिक्षण घेतात.

सुई टोचून ते निघून जातात, हे तर अजिबात खरं नाही. आपण गुंगीत असतो म्हणून आपल्याला ते दिसत नाहीत, एवढंच. पूर्ण भूल दिली की माणूस नुसता झोपत नाही. अंगातले स्नायू सैल पडावेत म्हणून औषध देतात, त्यानं श्वास घेणंही थांबतं. मग श्वासनळीत नळी घालून, मशीन लावून श्वास द्यावा लागतो. ऑपरेशननंतर घसा खवखवतो तो या नळीमुळं. सर्जन पोटात काम करत असतात, तेव्हा उशाशी उभं राहून नाडी, बीपी, रक्तातला ऑक्सिजन पाहणं, रक्त गेलं तर सलाईन नाहीतर रक्त चढवणं, औषध कमी-जास्त करणं, हे सगळं भूलतज्ज्ञ करतात. कोरोनात आशाताईंनी आपल्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं होतं, आठवतं ना? ते यंत्र ऑपरेशनच्या टेबलावर पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटाला असतं. नेलपॉलिश किंवा गडद मेंदीमुळं त्याचा आकडा चुकू शकतो. नेलपॉलिश काढून या म्हणतात ते त्यासाठी. आणि झोपवण्याइतकंच शुद्धीवर आणण्याचंही काम असतं. रुग्ण नीट श्वास घेतोय, हाक मारली की ओ देतोय, हे पाहिल्याशिवाय ते हलत नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो, त्यात चूक आमचीच आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं. गटाचं कर्ज घेतलेलं, गाडी ठरवलेली, लेक माहेरी येऊन राहिलेली. रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही असं सांगितलं होतं. आम्ही दोघी सोबत गेलो. सकाळी ताईंचं तोंड सुकलेलं, हात गार पडलेले. आम्हाला वाईट वाटलं. थर्मास आमचाच होता. "घोटभर चहानं काय होतंय," असं म्हणणाऱ्याही आम्हीच. ताईंनी कपभर चहा घेतला, वर दोन बिस्किटं. आत भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, सकाळपासून काही घेतलं का? ताई म्हणाल्या, नाही. त्यांच्या जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "चहा तेवढा घेतलाय."

ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. घरातली माणसं मॅडमवर चिडली. गाडीभाडं गेलं, मजुरीचा दिवस गेला, "कपभर चहासाठी एवढं नाटक" असं बोलणं झालं. आम्ही गप्प उभ्या होतो. थर्मास पिशवीत सरकवला, एवढंच केलं.

घरी आल्यावर मात्र राहवेना. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. आपण जागे असतो तेव्हा अन्न चुकून श्वासनळीकडं गेलं तर ठसका लागतो आणि ते बाहेर पडतं. भूल दिल्यावर हा ठसका लागत नाही. पोटातलं अन्न, आंबट पाणी वर आलं तर सरळ फुप्फुसात उतरू शकतं. त्यातून जिवावर बेतू शकतं. म्हणून साधारण नियम असा, की अन्न बंद करून किमान सहा तास व्हावेत. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा मात्र पाण्यात धरत नाहीत, अन्नात धरतात, कारण दूध पोटात जाऊन दह्यासारखं घट्ट होतं. आपल्याला नेमकी कोणती वेळ सांगितली असेल तीच पाळायची. कमरेतलं इंजेक्शन असलं तरीही, कारण मध्येच पूर्ण भूल द्यायची वेळ येऊ शकते.

त्या दिवशी जाऊबाई बोलल्या नसत्या तर, हा विचार करून आम्हाला दोन रात्री झोप आली नाही.

चहासारखीच लपवली जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे मिश्री. आपल्यात कितीजणी लावतात ते आपल्याला माहीत आहे, पण डॉक्टरांनी विचारलं की "छे, तसलं काही नाही." तंबाखूचा परिणाम हृदयावर आणि बीपीवर होतो, म्हणून त्यांना ते कळायलाच हवं. ते रागवायला विचारत नाहीत. हलणारा दात असेल तर तोही सांगा, नळी घालताना तो पडून आत जाऊ शकतो. कवळी असेल तर काढून ठेवायची. दमा, शुगर, बीपी, झटके, कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन, मागच्या भुलीच्या वेळचा त्रास, गावच्या वैद्याचं चालू असलेलं औषध, सगळं सांगायचं. बीपीची गोळी सकाळी घ्यायची की नाही, हे शेजारणीला विचारू नका, त्यांनाच विचारा.

बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढायला सांगितलं की पुष्कळजणींचा जीव खालीवर होतो. एक आजी तर टेबलावरून परत निघाल्या होत्या. रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात, अंगावर धातू असला तर तिथं भाजण्याची भीती असते. हातावर सूज आली की घट्ट बांगडी रुतते ती वेगळीच. मंगळसूत्र घरीच काढून सासूबाईंकडं किंवा नवऱ्याकडं देऊन ठेवलं की ऐनवेळी रडारड होत नाही.

बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो कमरेतल्या इंजेक्शनवर. "त्या सुईपासून माझी कंबर गेली," हे वाक्य दर गटात एकदा तरी ऐकू येतं. ती सुई फार बारीक असते. मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्याही खाली ती टोचतात, त्यामुळं ती रज्जूत घुसून लुळेपणा येईल ही भीती धरायचं कारण नाही. टोचलेली जागा काही दिवस दुखते, ते खरं. पण बाळंतपणात पाठीत इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करून पाहिली, तेव्हा पुढची जुनाट कंबरदुखी दोन्हीकडं सारखीच आढळली. नऊ महिने वाढलेलं पोट, वाकून बाळाला पाजणं आणि सव्वा महिना व्हायच्या आत डोक्यावर हंडा, याचा हिशोब आपण कधी मांडत नाही. सगळं खापर सुईवर. काहींचं मात्र नंतर डोकं दुखतं, उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं. हे अंगावर काढू नका, दवाखान्यात सांगा, त्यावर उपाय आहे. कमरेतल्या भुलीत आपण जागे असतो. हात लावलेला, ओढलेलं कळतं, दुखत नाही. मळमळलं, थंडी वाजली, छातीत कसंतरी झालं तर उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना लगेच बोलायचं. ते तिथं त्यासाठीच असतात.

ही विद्या फार जुनी नाही. १६ ऑक्टोबर १८४६ ला अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये ईथर हुंगवून सगळ्यांसमोर ऑपरेशन झालं. त्याच्या आधी रुग्णाला धरून ठेवावं लागायचं. १६ ऑक्टोबर हा अजूनही भूलदिन म्हणून पाळतात. १८५३ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट शेजारच्या हैदराबादची. तिथं निजामाच्या काळात, १८८८ आणि १८८९ मध्ये, क्लोरोफॉर्म किती सुरक्षित आहे याची मोठी तपासणी झाली. त्याच काळात तिथं शिकलेल्या डॉ. रुपाबाई फर्दुनजी रुग्णांना क्लोरोफॉर्म द्यायच्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात. आजही भूल देणाऱ्यांमध्ये बायका पुष्कळ आहेत, आणि आपण त्यांना "ओ सिस्टर" म्हणून हाक मारतो.

आपल्या तालुक्यांत ही मंडळी मोजकीच. बरेच भूलतज्ज्ञ एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जातात, सकाळी एका गावात तर दुपारी दुसऱ्या. त्यामुळं सर्जन आपल्याला चार वेळा भेटतात आणि हे ऑपरेशनच्या आधी चार मिनिटं. रात्री अडलेल्या बाईला "पुढं न्या" म्हणतात, तेव्हा सर्जन असूनही भूल द्यायला कुणी नाही, हे कारण पुष्कळदा असतं. सरकारनं यासाठी एमबीबीएस डॉक्टरांना भुलीचं प्रशिक्षण द्यायचा कार्यक्रम काढला आहे. म्हणून गरोदर सुनेचं नाव नोंदवताना एवढं विचारून ठेवा, की सिझरची वेळ आली तर इथं भुलीचे डॉक्टर रात्री मिळतात का? नाहीतर जवळ कुठं मिळतात? सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, तिथं भुलीचेही पैसे पडत नाहीत. खासगीत भरती होणार असाल तर भुलीची फी आधीच विचारून घ्या, म्हणजे गटाकडं मागणी करताना आकडा बरोबर येतो. आणि संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी, कोणती भूल देणार, हे स्वतः विचारा. सही आपली असते.

त्या ताईंचं ऑपरेशन पुढं पंधरा दिवसांनी झालं. त्याच मॅडम होत्या. या वेळी आम्ही थर्मास नेलाच नाही. मॅडमनी विचारायच्या आधीच ताईंनी सांगून टाकलं, "रात्री आठनंतर काही नाही. मिश्री लावत होते, मागच्या खेपेपासून सोडलीय. खालचा एक दात हलतोय." मॅडमनी दात बघितला आणि कागदावर लिहून घेतलं. कमरेत इंजेक्शन दिलं. ताई घाबरून गप्प झाल्या, तेव्हा मॅडम उशाशी बसून बोलत राहिल्या, घरी कोण कोण आहे, रान किती, काय लावलंय.

पुढच्या बैठकीला ताई पहिला हप्ता घेऊन आल्या. भूल देणाऱ्या मॅडमचं नाव त्यांना पाठ होतं, आडनावासकट. म्हणाल्या, "पोट फाडलेलं, आन् मॅडम मला विचारतात, औंदा कांद्याला भाव काय मिळाला? मी म्हटलं, मॅडम, आता नका रडवू."