चपाती बंद करावी का?

उलव्यातल्या बहिणी आम्हाला हाच प्रश्न विचारतात. कोकणात तांदळाची भाकरी, घावन आपलेच. त्यात ग्लुटेन नसते. पण म्हणून गहू वाईट ठरत नाही. खरा धोका सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांना; असे लोक शंभरात साधारण एक. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात हा संबंध मांडला. अशा रुग्णाला शीरखुर्म्याच्या शेवयाच नव्हे, जवाचा तलबिनाही वर्ज्य. मुलाची वाढ खुंटली, जुलाब किंवा रक्तक्षय हटत नसेल तर डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या. तोवर चपाती चालू ठेवा. आधीच गहू सोडला तर आजार तपासणीत सापडत नाही. ज्यांना त्रास नाही, त्यांनी मैदा कमी करावा, चपाती निर्धास्त खावी.