कॅराव्हॅनचा दिवसाचा टप्पा किती असावा?

जिल्ह्याच्या कारभाराच्या जुन्या काळी हिवाळा सुरू झाला की अधिकारी तंबू घेऊन दौऱ्यावर निघत. साहेब घोड्यावरून दोन तासांत पुढचे गाव गाठू शकत असे. परंतु त्याचा मुक्काम ठरे तो तंबू, दप्तर आणि भांडीकुंडी वाहणाऱ्या बैलगाड्यांच्या चालीवरून. गाड्या मागे राहिल्या तर साहेबालाही झाडाखाली वाट पाहत बसावे लागे. 'मजल दरमजल' या आपल्या शब्दप्रयोगातील मजल म्हणजे एका दिवसात उरकावयाची वाटचाल. घर बरोबर घेऊन निघणाऱ्याची मजल घराच्या वेगाने मोजावयाची असते, हा तो हिशेब होता. मोटारी आल्या, रस्ते झाले आणि हा हिशेब आपण विसरलो. कॅराव्हॅनच्या प्रवासाने तो पुन्हा समोर आणला आहे.

कॅराव्हॅन म्हणजे झोपण्याची जागा, स्वयंपाकाची ओटी, पाण्याची टाकी आणि शौचालय असलेले चालते घर. काही घरे मोटारीमागे जोडून ओढली जातात, तर काहींना स्वतःचे इंजिन असते. या दुसऱ्या प्रकारास मोटार-घर म्हणणे योग्य होईल. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात अशा वाहनांबरोबरच ती उभी करण्याच्या जागांचा, म्हणजे कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे. हॉटेले नसलेल्या गावीही पर्यटकास राहता यावे, ही यामागील दृष्टी. मात्र पर्यटक कोणत्या गावी राहील हे बव्हंशी एकाच गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे त्याने दिवसभरात किती अंतर कापावयाचे ठरविले आहे.

या वाहनाचा पूर्वज घोड्यांचाच होता. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल वैद्याने १८८५ साली इंग्लंडमध्ये सुमारे दोन टन वजनाची एक प्रशस्त गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून ती थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत नेली. घोडे दमले की मुक्काम, हा त्याचा साधा नियम होता. जर्मनीत आरिस्ट डेटलेफ्स यांनी १९३१ साली मोटारीमागे ओढावयाचे घर तयार केले. तेथून पुढे दमणारा घोडा गेला आणि दमलो हे कबूल न करणारा माणूस चाकावर बसला.

परक्या देशाचा आकडा

अमेरिकेत मोटार-घरातून फिरणाऱ्यांमध्ये 'तीन-तीन-तीन' असा एक ढोबळ नियम रूढ आहे. दिवसात तीनशे मैलांपेक्षा अधिक जाऊ नये, दुपारी तीनपर्यंत मुक्कामाची जागा गाठावी आणि तेथे तीन दिवस राहावे. यातील दुसरा आणि तिसरा भाग आपणही जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. पहिला मात्र घेऊ नये. तीनशे मैल म्हणजे सुमारे चारशे ऐंशी किलोमीटर. मुंबईहून मालवणचे अंतर जवळपास एवढेच भरते. तेथील सहा-आठ पदरी, वळणे व फाटे टाळून बांधलेल्या रस्त्यांवर जो आकडा शहाणपणाचा ठरतो, तोच कोकणात अविचाराचा ठरेल.

म्हणून किलोमीटर ठरविण्यापूर्वी तास ठरवावेत. एका सामान्य कुटुंबाचा दिवस घेऊ. मोटार-घर सकाळी उठल्याबरोबर निघत नाही. अंथरुणे आवरणे, भांडी कपाटात अडकविणे, गॅसची टाकी बंद करणे, पाणी भरणे यांत नऊ वाजतात. डिसेंबरात कोकणात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अनोळखी जागी एवढे मोठे वाहन उजेड असतानाच उभे करावयाचे तर चारपर्यंत पोचले पाहिजे. नऊ ते चार हे सात तास झाले. त्यातून जेवणाचा एक तास, चहा-विश्रांतीचे दोन अर्धे तास आणि डिझेल, फाटक, फेरीबोट किंवा बाजार यांसाठी आणखी एक तास वजा केला, की चाके फिरण्यासाठी चारच तास उरतात. किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्यावर तासाला सरासरी तीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ. चौपदरी महामार्गावर ती सरासरी पन्नासपर्यंत जाईल. तेव्हा किनारी मार्गावर दिवसाला सुमारे एकशे वीस आणि महामार्गावर सुमारे दोनशे किलोमीटर, हा आपल्याकडचा टप्पा होय.

हे आकडे ऐकून पुष्कळांना हसू येईल. लहान मोटारीने आपण याच्या दुप्पट-तिप्पट जातो, असे ते म्हणतील. ते खरेही आहे. पण लहान मोटार रात्री घराबाहेर उभी करून मालक आत झोपावयास जातो. येथे पोचल्यावरच घरकाम सुरू होते. शिवाय तीन-साडेतीन टनांचे, उंच आणि फुगीर वाहन वाऱ्याला अडते, वळणावर झुकते आणि घाट उतरताना त्याचे ब्रेक लवकर तापतात. तापलेल्या ब्रेकची पकड सुटते, म्हणून उतारावर खालचा गिअर टाकून सावकाश यावे लागते. आंबोली किंवा कुंभार्ली घाट ज्या दिवशी लागणार असेल, त्या दिवशीच्या टप्प्यातून चाळीस किलोमीटर आधीच कमी धरावेत. वाहन चालू असताना मागे कोणी उभे राहून चहा करावयाचा नाही, सर्वांनी आसनावर पट्टा लावून बसावयाचे, हेही ओघाने आलेच. घरासारखे दिसते म्हणून ते चालताना घर होत नाही.

चालकाची झोप

टप्पा लांबला तर बिघडते काय? या प्रश्नाचे उत्तर इंजिनात नसून चालकाच्या शरीरात आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकासाठी घातलेली मद्यार्काची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के एवढीच आहे. पहाटे चारला उठून पाचला निघालेला चालक रात्री नऊला, एक थेंबही न घेता, त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखा चाकावर बसलेला असतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे पन्नास मीटर रस्ता डोळे मिटून. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतरचे दोन तास या वेळी झोपेचा जोर अधिक असतो. रात्रीचा प्रवास करून 'दिवस वाचविणारे' नेमकी पहिली वेळ निवडतात, ही खेदाची गोष्ट आहे.

भाड्याने घेतलेल्या वाहनाबरोबर बहुधा चालक येतो, आणि मग प्रश्न अधिकच नाजूक होतो. कुटुंब मागे बिछान्यावर निजते. चालक कोठे निजतो? पुष्कळदा पुढच्या आसनावर, गुडघे पोटाशी घेऊन. त्या झोपेवर दुसऱ्या दिवशीचे दोनशे किलोमीटर उभे असतात. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या अधिनियमाने दिवसाला आठ तासांचे काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत किमान नऊ तासांची सलग विश्रांती अशी व्यवस्था सांगितली होती. पुढे कामगार कायद्यांच्या एकत्रीकरणात तो २०२० च्या संहितेत सामावला गेला. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार मालमोटार किंवा बस चालविणाऱ्यास साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावेच लागते. हे सारे नियम व्यवसाय म्हणून रोज चाक धरणाऱ्यांसाठी आहेत. वर्षातून एकदा मोठे वाहन हाती घेणाऱ्या गृहस्थाने स्वतःला त्यांच्याहून अधिक सवलत द्यावी, याला काही आधार नाही. मुक्काम ठरविताना चालकासाठी पाठ टेकण्याची स्वतंत्र जागा, मग ती गावातील एखादी साधी खोली का असेना, भाड्यातच धरावी.

किनाऱ्याने मालवणकडे

आता नकाशा पुढे घेऊ. पहिल्या दिवशी मुंबईहून अलिबाग ओलांडून नागाव किंवा रेवदंडा, एवढेच. दुसऱ्या दिवशी मुरूड, तेथून जंजिरा किनाऱ्यावरूनच पाहून आगरदांडा येथे फेरीबोट, पलीकडे दिघी आणि मग श्रीवर्धन-हरिहरेश्वर. तिसरा दिवस विश्रांतीचा. त्या दिवशी चाक हलवू नये. चौथ्या दिवशी बागमांडल्याहून बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वी, केळशी, आंजर्ले, हर्णे या वाटेने दापोलीच्या परिसरात. पाचव्या दिवशी दाभोळ ते धोपावे, गुहागर, पुन्हा तवसाळ ते जयगड आणि गणपतीपुळे. या दिवसाचे अंतर सर्वांत किरकोळ वाटते, पण दोन खाड्या आहेत. फेरीबोटीच्या रांगेत गेलेला वेळ किलोमीटरमापकावर उमटत नाही, दिवस मात्र भरतो. लांबी व वजन सांगून वाहन बोटीवर घेतील की नाही हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. लांब वाहनाचा मागचा भाग धक्क्याच्या उतारावर घासण्याचा संभव असतो. पुढे रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड आणि मालवण यांसाठी एका विश्रांतीसह आणखी तीन-चार दिवस. परत येताना महामार्गाने तीन दिवस.

अशा रीतीने हा प्रवास बारा दिवसांचा होतो. ज्यांच्याजवळ चारच दिवसांची रजा आहे त्यांनी मालवणचे नाव काढू नये. त्यांनी हरिहरेश्वरपर्यंत जावे, एक पूर्ण दिवस तेथे राहावे आणि परत फिरावे. पावसाळ्यात तर हा बेतच नको. दरडी, खवळलेली खाडी आणि वाहनाच्या वजनाने खचणारी साइडपट्टी यांपुढे कोणताही हिशेब टिकत नाही.

मधल्या गावाचा संबंध

पंचायत सदस्यांनी या साऱ्याकडे का पाहावे, तर पाचशे किलोमीटर एका दमात जाणारा प्रवासी मधल्या चाळीस गावांतून केवळ धूळ उडवीत जातो. एकशे वीस किलोमीटरवर थांबणारा प्रवासी मात्र त्यांपैकी चार-पाच गावांत रात्र काढतो. भाजी, मासळी, दूध तेथेच घेतो. परंतु जागाच नसेल तर तो पुढच्या गावी, म्हणजे अंधारात जातो. मुक्कामाच्या जागेचा अभाव हाही अपघाताला हातभार लावतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

जागा फार मोठी लागत नाही. सपाट व मुरूम टाकलेली जमीन, नळ, विजेची जोडणी आणि एक दिवा पुरे. बाजारतळ सहा दिवस मोकळा असतो म्हणून तो सुचविला जातो. मात्र बाजाराच्या पहाटे पाहुणे टोपल्यांच्या वेढ्यात जागे होतील, तेव्हा वार सांगून ठेवावा. शाळेचे पटांगण देऊ नये. सांडपाण्याकडे विशेष लक्ष हवे. या वाहनांतील शौचालयाची सुटी टाकी साधारण वीस लिटरची असते आणि चौघांच्या वापराने दोन दिवसांत भरते. ती ओढ्यात किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात रिकामी होता कामा नये. तिच्यात घालावयाची काही रसायने मैल्याच्या टाकीतील उपयुक्त जीवाणूंनाही मारक असतात, म्हणून कोणते रसायन वापरले आहे हे विचारूनच सार्वजनिक शौचालयाची टाकी उघडून द्यावी. आकार ठरवून ग्रामपंचायतीने रीतसर पावती द्यावी, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

आणि जागेचा फलक फाट्यावरच न लावता फाट्याच्या दोनशे-तीनशे मीटर आधी लावावा. वळण हुकलेले मोटार-घर गावाच्या बोळात शिरले, तर ते मागे घेण्यासाठी निम्मे गाव हाताने खुणा करीत उभे राहते, आणि तोवर दिवस मावळतो.