आवड आणि उपजीविका

शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली, की पुढे कोणती विद्याशाखा स्वीकारावी, हा प्रश्न उभा राहतो. आवडीच्या विषयात चरितार्थाची सोय नसेल आणि जेथे सोय आहे तेथे मन रमत नसेल, तर निर्णय अधिकच अवघड होतो. प्रख्यात पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्यापुढे हाच पेच होता.

त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. दहाएक वर्षांचे असताना त्यांनी हवाबंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणत्या जातीची, हे घरी कोणास सांगता येईना. तेव्हा मामांनी त्यांस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील चिटणीस मिलर्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहच या मुलापुढे उघडला. आवडीचे बीज पडले ते तेथे.

पुढे महाविद्यालयाचे शिक्षण अर्ध्यावर सोडून ते घरच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेले. पण लक्ष सारे रानातल्या पाखरांकडे! १९१७ साली परतल्यावर त्यांनी दावर वाणिज्य महाविद्यालयात व्यापारी कायदा व हिशेब शिकण्यास आरंभ केला. हा मार्ग व्यवहाराचा होता आणि त्यात गैर काहीच नव्हते. परंतु सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी या तरुणाचा खरा ओढा ओळखला व प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह केला. मग सकाळी जमाखर्च आणि त्यानंतर प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास सुरू झाला. चार दिवसांच्या हौसेपोटी कोणी एवढे कष्ट उपसत नाही. आवड खरी की वरवरची, हे अशा वेळीच कळते.

तथापि विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. ज्ञान असूनही दार बंद राहिले. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना नोकरी लागली. शिक्षणातील उणीव मात्र त्यांना सलत असावी. कारण १९२८ साली रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक श्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र रीतसर शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात, तो पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली!

मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून ते पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळील किहीम गावी राहावयास गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, आणि तिचा संसार मांडून झाला की नर दुसरे घरटे विणू लागतो, हे त्यांनी बारकाईने टिपले. त्यावरील निबंधाने जाणकारांत त्यांचे नाव झाले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते घरोघरी पोहोचले.